पाण्याखालचा पिवळा रंग

आमच्या लॅबमध्ये एक बाटली होती, तिला रोज पाणी पाजावं लागायचं. सकाळी कुलूप उघडायचं, झाडू मारायचा, टेबल पुसायचं आणि मग कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीपुढे उकिडवं बसून त्या बाटलीत डोकवायचं. तपकिरी काच, प्लॅस्टिकचं झाकण, तळाशी पिवळेधमक खडे आणि त्यांच्यावर बोटभर पाणी. पाणी उतरलेलं दिसलं की वर डिस्टिल्ड वॉटर घालायचं. माझ्या नोकरीतलं पहिलं शिकवलेलं काम हेच. रक्त काढायला नंतर शिकले.

बाटलीत पिक्रिक अ‍ॅसिड होतं. ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. शिरूरच्या एसटी स्टँडपासून जवळ, एका गाळ्यात आमची लॅब होती. लॅबचे मालक एक वयस्कर डॉक्टर होते. ते पेशंटला तपासायचे नाहीत, फक्त रक्त, लघवी आणि थुंकी. त्यांना आम्ही सर म्हणायचो. ‘आम्ही’ म्हणजे मीच, कारण दुसरं कुणी नव्हतं.

सरांनी पहिल्या दिवशी मला ती बाटली दाखवली आणि म्हणाले, “हिला कोरडी पडू द्यायची नाही. ओली आहे तोवर गरीब गाय. वाळली आणि झाकणाला घासली, तर आपली लॅब नगर रोडवर गोळा करावी लागेल.” मला वाटलं, नव्या पोरीची थट्टा चालली आहे. पण ते हसत नव्हते. पत्र्याचा चमचा तिला लावायचा नाही, लोखंडी झाकण बसवायचं नाही, कारण धातूला लागून तिच्यातून जे तयार होतं ते आणखी तापट असतं, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं.

मूळचा तो कापडाचा रंग. झाडपाल्यातून रंग काढायचं सोडून लोक कारखान्यात रंग करायला लागले, तेव्हाच्या अगदी सुरुवातीच्या रंगांमधला. रेशमाला लावला की सुंदर पिवळं रेशीम व्हायचं. लोकरीला बसायचा, सुती कापडाला मात्र बसायचा नाही. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं की हा वाळला की फुटतो, मग तो तोफगोळ्यांत भरायला लागले. सर म्हणायचे, “आधी लुगडी, मग तोफा, आता किडन्या. फार फिरलाय बिचारा.”

किडन्यांचं असं, की रक्तातलं क्रिएटिनिन मोजायला तेव्हा आम्ही हेच वापरायचो. किडनीने जे बाहेर टाकायचं ते तिने टाकलं नाही, तर ते रक्तात साठतं. त्या रक्ताचं पाणी वेगळं काढायचं, त्यात पिक्रिक घालायचं, वर थोडा कॉस्टिक सोडा, आणि थांबायचं. पिवळा रंग हळूहळू नारिंगी होतो. जितकं साठलेलं जास्त, तितका नारिंगी गडद. मग ती नळी कलरीमीटरमध्ये ठेवून आकडा वाचायचा. यंत्राआधी डोळ्यांनाच कळायचं. मला तर पाच मिनिटांत कळायचं, पण सर पंधरा मिनिटं झाल्याशिवाय बघू द्यायचे नाहीत.

हातमोजे होते, पण एकच जोडी धुऊन, पावडर लावून पुन्हा वापरायची पद्धत होती आणि त्यांची बोटं फाटलेली असायची. त्यामुळे महिन्याभरात माझ्या उजव्या हाताची तीन बोटं पिवळी झाली. अ‍ॅप्रन सुती होता, तो साबणाने स्वच्छ निघायचा. हात निघायचे नाहीत, कारण कातडी आणि नखं रेशमाच्या बाजूची. आमच्या घरात रेशमाचं एक सूतही नव्हतं, त्यामुळे त्या रंगाला धरायला मीच सापडले. आणखी एक गुण कळला तो चुकून. मला नखं खायची सवय होती. एकदा बोट तोंडात गेलं आणि इतका कडूजहर वाटला तो रंग, की आईने लहानपणापासून जे जमवलं नव्हतं ते त्या बाटलीने एका दुपारी जमवलं.

घरी आई आणि मी, दोघीच. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई बालवाडीत मदतनीस होती, खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची. बाई हट्टी. एखादी गोष्ट तिला पटली की पटली, मग तुम्ही कोर्टात जा. आमच्या घरात देव नव्हते, अंगारे-धुपारे नव्हते, उपास नव्हते. वस्तीतल्या कुणी लिंबू-मिरची बांधलेली दिसली तर आई ती स्वतः तोडून टाकायची. तिला त्याचा अभिमान होता आणि मला तिचा.

तर माझी पिवळी बोटं बघून हिने ठरवलं, पोरीला कावीळ झाली.

मी सांगितलं, “आई, रंग आहे तो. लॅबमधला.”

“रंग असता तर साबनानं गेला असता. मी काय रंग बघितला न्हाई व्हय?”

“हा नाही जात.”

“तेच म्हनती मी. जात न्हाई म्हंजी आतून येतोय.”

डोळे बघितले, ते पांढरे होते. मग म्हणाली, डोळ्यांत अजून चढली नसेल. मी सरांकडून रक्त तपासून घेतलं, काविळीत वाढतं ते बिलिरुबिन चोख निघालं, तिला आकडा दाखवला. तो आकडा मीच लिहिलेला असल्यामुळे तिने तो धरला नाही. आजारी माणसाने स्वतःच्या तब्येतीचं काय सांगावं, असं तिचं म्हणणं. रविवारी ती मला केंदूरच्या पुढच्या एका वस्तीवर घेऊन गेली. तिथे एक म्हातारे गृहस्थ कावीळ उतरवायचे. सगळे त्यांना आबा म्हणत.

अंगणात रांग होती. आबांपुढे पितळेची परात, परातीत चुन्याची निवळी. पेशंटच्या हातांना ते कसल्यातरी सालीचा रस चोळायचे आणि मग त्या पाण्यात हात धुवायला लावायचे. पाणी बघता बघता पिवळं व्हायचं. कावीळ उतरली. आमचा नंबर आला तेव्हा आईने आधीच बजावलं, “आबा, मंतर म्हनू नका हां. आमच्यात चालत न्हाई त्ये.”

आबा माणूस सरळ होता. म्हणाला, “मंतर न्हाई म्हनत मी कुनाला. औषीद हाय ह्ये.”

आईने माझ्याकडे असं बघितलं की बघ, विज्ञान आहे. माझे हात परातीत गेले, पाणी पिवळं झालं. ते त्या सालीमुळे झालं. ती साल चोळून चुन्याच्या पाण्यात कुठल्याही धडधाकट माणसाचा हात घातला तरी झालं असतं, हे मला दिसत होतं आणि मी ते परतीच्या जीपमध्ये मोठ्याने सांगितलंही. जीपमधल्या बायका माझ्याकडे कीव केल्यासारख्या बघत होत्या. आबांनी पथ्य दिलं होतं, हळद बंद, तेलकट बंद, पिवळं काही खायचं नाही, आणि आठवडाभर घरी विश्रांती. सरांनी सुट्टी दिली, उलट त्यांना गंमतच वाटली. आठवडाभर मी बाटलीला हात लावला नाही, कातडी आपोआप बदलली, बोटं साफ झाली.

आता सांगा. मी लॅबमध्ये शिकलेली, आणि पुरावा सगळा तिच्या बाजूला.

त्यानंतर माझी बोटं पुन्हा पिवळी झालीच. तेव्हा आई म्हणाली, पथ्य सोडलंस ना, मग उलटली. पण आबांवर तिचा जो विश्वास बसला तो कायमचा.

पुढच्या वर्षी मे महिन्यात माझ्या मामाच्या मुलीचं लग्न होतं. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, दौंडला रेल्वेत होता. आम्ही दोघी आधीपासून जाऊन राहिलो. दौंडचा उन्हाळा म्हणजे काय सांगावं, क्वार्टरच्या भिंती रात्रीही हाताला लागू द्यायच्या नाहीत. लग्नात आई फारशी उठली नाही. बसून होती, बसून भाजी निवडत होती. दम लागतो म्हणाली. गर्मी आहे, सगळ्यांनाच लागतो, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

शिरूरला परत आले आणि लॅब उघडून बाटलीपुढे बसले. पाणी नव्हतं. सर स्वतः तिला पाणी पाजायचे विसरले होते. खडे वाळून काचेला चिकटले होते आणि झाकणाच्या आट्यांमधून पिवळी भुकटी बाहेर आलेली दिसत होती. मी हात मागे घेतला. उठले, दार लावून घेतलं आणि सरांना बोलावून आणलं.

सरांनी लांबूनच बघितलं. चेहरा पडला. मग म्हणाले, “बादली.” आम्ही बादलीत काठोकाठ पाणी भरलं. त्यांनी फडकं पिळून न घेता तसंच गळकं बाटलीभोवती ठेवलं, झाकणावर ड्रॉपरने थेंब थेंब पाणी सोडलं, सोडत राहिले, आणि बऱ्याच वेळाने दोन्ही हातांनी बाटली अलगद उचलून, झाकण न फिरवता, आख्खी पाण्यात बुडवली. त्या वेळात मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. त्या दिवसांत मला तसंही फार काही वाटेनासं झालं होतं. दिवसभर लोकांचं रक्त नळ्यांत बघत राहिलं की माणसाचं मन एका जागी बसून राहतं. तेव्हा त्याला मी कामाची सवय म्हणायचे.

“आता दिवसभर भिजू दे तिला,” सर म्हणाले. आम्ही लॅब बंद केली आणि समोरच्या घड्याळ-दुरुस्तीच्या दुकानाच्या कट्ट्यावर जाऊन बसलो, येणाऱ्याला उद्या या म्हणून सांगायला. सर असे उघड्यावर बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. दुपारी आई माझा डबा घेऊन आली. कट्ट्याला टेकून उभी राहिली, धाप टाकत. सर तिच्या पायांकडे बघत होते. चपलेचा पट्टा मांसात रुतला होता.

“बाई, बसा जरा. पाय बघू.”

“अवो सायेब, पायाला हात नका लावू,” आई मागे सरली. एवढा मोठा माणूस आपल्या पायांशी वाकतोय म्हणून ती लाजेने अर्धी झाली. पण सरांनी घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला आणि सोडला. अंगठ्याएवढा खळगा पडला. तो भरून येईना. आम्ही तिघंही त्या खळग्याकडे बघत होतो. सरांनी विचारलं, सकाळी तोंड सुजतं का, लघवी कमी होते का, किती दिवस झाले. आई प्रत्येकाला “व्हय, पन तसं काय न्हाई” म्हणत होती.

ते आयुष्यभर नळ्या बघणारे गृहस्थ. त्या दिवशी बाटलीने त्यांना बाहेर काढलं नसतं, तर त्यांनी माझ्या आईचे पाय कधी पाहिले असते असं मला वाटत नाही. मी तर रोज बघत होते.

दुसऱ्या दिवशी बाटली नरम झाली होती, झाकण पाण्याखालीच फिरलं. आईचं रक्त मी काढलं. तीन नळ्या लावल्या. नेहमी तीनच लावतात. एका नळीत रक्त नसतं, नुसती औषधं, तिला ब्लँक म्हणतात. दुसरीत क्रिएटिनिनचं आधीच माहीत असलेलं प्रमाण. तिसरी पेशंटची. आई बाकावर बसून बघत होती. मी नको म्हटलं तरी उठून रॅकपाशी आली.

“ह्यो कुनाचा?” तिने ब्लँककडे बोट केलं.

“कुणाचा नाही. त्यात कुणी नाहीये.”

“पिवळाच राहिला. आन् ह्यो?”

“तो तुझा.”

तिचा नारिंगी झाला होता. झेंडूच्या एका लालसर जातीचा रंग असतो, तसा. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “रंग म्हनून चांगला हाय गं. लुगडं असतं तर घेतलं असतं मी.” मग विचारलं, “मंग चांगला कसा पायजे?”

मी सांगितलं, जितका फिका तितकं बरं. याहून जास्त काही मी तिला समजावून सांगितलं नाही, आणि जे सांगितलं ते खरंच होतं.

आकडा फार वाईट होता. दोन्ही किडन्या कधीपासून हळूहळू निकामी होत चालल्या असणार, रक्तदाबाने, आणि तो रक्तदाब कुणी मोजला नव्हता. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं, काय खायचं नाही ते सांगितलं. केळं नाही, शहाळं नाही, बटाटा उकडून पाणी फेकून मगच. पोटॅशियम असतं त्यात, किडनी ते बाहेर टाकत नाही, वाढलं तर हृदय बंद पडतं. डॉक्टरांनी हे तिच्यासमोर, तिच्याकडे बघून, नीट सांगितलं. तिने मान हलवली.

घरी येऊन तिने हळद बंद केली.

मला आधी कळलंच नाही. भाजी पांढरी व्हायला लागली, आमटी पांढरी. मला वाटलं विसरली. मग गाजर गेलं, टोमॅटो गेला, भोपळा गेला, लाल मिरचीच्या जागी हिरवी आली. विचारलं तर म्हणाली, “रंग उतरवायचाय न्हवं? मंग वरून रंग घालून कसा उतरंल?” तिचा हिशोब अगदी साफ होता. काविळीत पिवळं खात नाहीत, हे तिला जन्मापासून माहीत होतं. आता तिच्या रक्तात नारिंगी होता, तो तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. म्हणून नारिंगी खायचं नाही, पिवळं खायचं नाही. पांढरं खायचं. दूध, भात, साबुदाणा, मुळा. केळं वरून पिवळं, पण आतून पांढरं, म्हणून सोलून खायचं.

मी भांडले. मी म्हणाले, रंग तुझ्या रक्तात नाही, रंग माझ्या बाटलीत आहे. तुझ्या रक्तात जे आहे ते पाण्यासारखं आहे, दिसतच नाही, मी त्याला रंग लावते म्हणून दिसतं. ती म्हणाली, “आन् मंग माझ्यातच का चढतो? त्या कुनाच्याच नसल्याल्या नळीत का न्हाई चढत?” याला उत्तर आहे, ते मी दिलं, पुन्हा पुन्हा दिलं. ती ऐकून घ्यायची आणि संध्याकाळी पांढरी आमटी वाढायची. मला तिचा इतका राग यायचा की ताट ढकलून उठायचे. आज तो राग आठवतो, बाकीचं त्या महिन्यांतलं काही आठवत नाही. जेवलो, झोपलो, बस पकडल्या. कुणीतरी दुसरं ते सगळं करत होतं आणि मी बाजूला उभी होते, असं वाटतं.

ती आबांकडेही जाऊन आली, मला न सांगता. हात धुतले. पाणी पिवळं झालं. खूप निघाली म्हणे. पुढच्या तपासणीत नळी आणखी गडद आली तेव्हा ती मला म्हणाली, “आतली वर येतीया. निघायच्या आधी समदं वर येतं.”

सरांना मी हे सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी एक दिवस तिला बोलावून स्वतः समजावलं, अर्धा तास, एक एक पदार्थ घेऊन. ती त्यांना “व्हय सायेब” म्हणत राहिली. बाहेर पडल्यावर माझ्या कानात म्हणाली, “मानूस चांगला हाय. पन त्येला सयपाकातलं काय कळतंय?”

दिवाळीनंतर तिला उलट्या व्हायला लागल्या. अंगाला खाज, तोंडाला लघवीसारखा वास. पुण्याला नेलं, मानेत नळी घातली, डायलिसिस सुरू केलं. पहाटेच्या एसटीने जायचं, मशीनवर पडायचं, दुपारच्या गाडीने खिडकीला डोकं टेकवून परत यायचं. मी सोबत. गाडीत आम्ही बोलत नसू. एकदा कोरेगावच्या पुढे तिने विचारलं, “त्या मशीनमदी माजं रगत फिरतं ना, मंग त्यो रंग मशीनमदीच राहत असंल.” मी म्हणाले, हो, तिथेच राहतो. मला भांडायची शक्ती उरली नव्हती, आणि या वेळी तिचं जवळजवळ बरोबर होतं.

तिला ते मशीन आवडलं. उलट्या थांबल्या, पायांची सूज ओसरली, भूक लागली. एका बुधवारी, आदल्या दिवशीच डायलिसिस करून आलेलो, ती स्वतःहून म्हणाली, “काढ माजं रगत. बघू उतरला का.” मी घरीच दंडाला रबर बांधून काढलं. तिने हात छान पुढे केला, बालवाडीत इंजेक्शन घेणाऱ्या पोरांना दाखवायची तसा. “फिका आला तर दुपारीच येऊन सांग,” म्हणाली. “जेवायला थांबती मी.”

लॅबमध्ये त्या दिवशी गर्दी होती. कुठल्यातरी गावात तापाची साथ होती आणि माणसं ट्रॅक्टर भरून आली होती. मी आईचं रक्त फिरवून वरचं पाणी वेगळं काढलं, नळीवर चिकटपट्टी लावून तिचं नाव लिहिलं, फ्रीजमध्ये ठेवलं. दुपार झाली तरी तिची टेस्ट लावायला सवड मिळाली नाही, घरी जायला तर नाहीच.

दुपारी दौंडहून मामा आला. बहिणीला बघायला मोकळ्या हाताने कसं यायचं म्हणून त्याने स्टँडबाहेरून शहाळी घेतली होती. आजाऱ्याकडे जाताना सगळे तेच घेतात. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि आईने तर त्याला थांबवायचं कारणच नव्हतं. शहाळ्याचं पाणी किती पांढरं असतं. मलई त्याहून पांढरी. तो नंतर सांगत होता, फार दिवसांनी एवढ्या चवीने काहीतरी घेतलं ताईने. दोन प्यायली आणि तिसरं मागून घेतलं.

मी घरी पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ होती. आई भिंतीला टेकून बसली होती. पाय उचलत नाहीत म्हणाली. मामा रिक्षा आणायला धावला. मी नाडी धरली, ती एक यायची आणि मग खूप वेळ यायची नाही. कोपऱ्यात शहाळ्यांच्या कवट्या पडलेल्या मला दिसल्या आणि मला सगळं कळलं, अगदी परीक्षेतला प्रश्न कळावा तसं. आईने माझ्याकडे बघून विचारलं, “आला का फिका?” मी म्हणाले, अजून लावली नाही. रिक्षा आली तेव्हा ती गेलेली होती.

मी रडले नाही. वस्तीतल्या बायका मला रडवायचा प्रयत्न करत होत्या, बोल गं काहीतरी, म्हणत होत्या. मामा उंबऱ्यात बसून लहान पोरासारखा रडत होता आणि मला त्याचा हेवा वाटत होता. त्याला मी शहाळ्याबद्दल कधीच बोलले नाही. अजून नाही. आता तो म्हातारा झाला आहे.

घोड नदीच्या काठावर तिला नेलं. पांढरी साडी नेसवली होती. वंदना झाली, पुढे घरी जलदान विधी झाला, दौंडचे सगळे येऊन परत गेले. सगळं आटोपल्यावर एका सकाळी मी उठून लॅबमध्ये गेले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. झाडू मारला. बाटलीत पाणी घातलं. सर म्हणाले, घरी जा, चार दिवस राहा. मी म्हणाले, पेंडिंग आहे काम. ते आत जाऊन बसले.

फ्रीज उघडला. रॅकमध्ये चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरातलं तिचं नाव होतं. मी इतर नळ्यांबरोबर ती घेतली. वेगळं काही वाटून नाही. लावायची राहिलेली टेस्ट होती, ती लावली. पिक्रिक घातलं, सोडा घातला, रॅक खिडकीत ठेवला आणि एका बाईची शुगर लावायला घेतली.

पंधरा मिनिटांनी वळून बघितलं. नारिंगी आला होता, पण तो झेंडूचा नव्हता. आधीच्या सगळ्या वेळांपेक्षा फिका होता. मी नळी उजेडाला धरली, ब्लँकशेजारी धरली. कलरीमीटरमध्ये ठेवून वाचला. आकडा जवळजवळ निम्म्यावर आला होता. पुन्हा वाचला, तोच आला.

मला इतका आनंद झाला. कित्येक महिन्यांत मला काहीच वाटलं नव्हतं, ते सगळं एकदम वाटलं. पोटातून हसू आलं. मी बाईला म्हणाले, जरा थांबा हं, आलेच. अ‍ॅप्रन काढून खुर्चीवर टाकला, चपला पायात सरकवल्या आणि भरभर चालायला लागले, नळी तशीच हातात, झाकण लावलेली, की तिला दाखवता येईल, की ती जेवायला थांबली असेल.

भाजी मंडईपाशी आल्यावर माझे पाय थांबले. लोक बाजूने जात होते. एका भाजीवालीने विचारलं, “ताई, काय झालं?” मी तिला म्हणाले, “माझ्या आईचा रिपोर्ट चांगला आला.”